साताऱ्यात चार-सहा खोल्यांचा धंदा कुठं काढावा? वाई, भिलार, कास, बामणोली, ठोसेघर या जागांची पारख

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात नजारा कुठंही उभं राहिलं तरी मिळतो. यवतेश्वराच्या घाटातून दिसतो, पसरणीच्या वळणावरून दिसतो आणि मेढ्याहून केळघर चढतानाही दिसतो. जी गोष्ट सगळीकडं आहे तिचे जादा पैसे गिऱ्हाईक देत नाही. जागामालक मात्र त्याच नजाऱ्यावर भाडं लावतो. म्हणून इथं प्रत्येक जागा तीनच गोष्टींवर तपासली आहे: मे महिन्यातलं पाणी, जुलैतला रस्ता आणि मंगळवारी रात्री येणारं गिऱ्हाईक. चार ते आठ खोल्या, पंचवीस-तीस माणसं जेवतील एवढी बैठक, घरची माणसं आणि सोबत दोन कामगार, एवढाच धंदा डोळ्यांपुढं ठेवला आहे. मोठ्या रिसॉर्टचं गणित वेगळं असतं.

मंगळवारचं गिऱ्हाईक एवढं का मोलाचं, ते आकड्यांत बघा. सहा खोल्या म्हणजे वर्षाला २,१९० रूम नाईट (एक खोली एका रात्रीसाठी गेली की एक रूम नाईट). वर्षातला एकही शनिवार रिकामा न जाता सहाही खोल्या भरल्या तर होतात ३१२, म्हणजे १४ टक्के. शुक्रवारही तसेच भरले तर ६२४, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के. दर २,००० धरला तर वर्षाचे १२ लाख ४८ हजार आले. महिना ४० हजार भाडं आणि दोन माणसांना प्रत्येकी १५ हजार पगार वजा केला की हातात ४ लाख ८ हजार राहतात. वीज, लाँड्री, गॅस, दुरुस्ती, रंग हे सगळं अजून त्यातून जायचं आहे. निम्म्या खोल्या बुकिंग अ‍ॅपवरून गेल्या आणि कमिशन २० टक्के पडलं तर सव्वा लाख तिथंच गेला. याउलट सोमवार ते गुरुवार रोज दोनच खोल्या १,५०० रुपयांनी लागल्या तर वर्षाचे ६ लाख २४ हजार वाढतात. भाडं तेवढंच राहतं, पगारही तेवढाच. धंदा टिकतो तो याच पैशांवर.

या हिशेबात सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे सातारा-कास रस्ता. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून या पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यावर हॉटेल काढायची स्वप्नं पडू लागली. फुलांचा हंगाम मात्र ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तोही पावसाच्या मर्जीवर. पाऊस लांबला तर फुलं उशिरा येतात, मध्येच कडक ऊन पडलं तर लवकर आटोपतात. पठारावर प्रवेश ऑनलाइन बुकिंगनं आणि दिवसाला ठराविक माणसांनाच मिळतो. त्यामुळे ऐन हंगामातही गर्दीला वरून झाकण आहे. आणि पुण्याचा माणूस सकाळी सहाला निघून फुलं बघून रात्री जेवायला घरी असतो, त्याला खोली लागत नाही. त्याला लागतो गरम नाश्ता, स्वच्छ संडास आणि भिजलेले कपडे बदलायला आडोसा. या रस्त्यावर खोल्यांपेक्षा चार चांगले संडास आणि सकाळी सातला तयार असलेले पोहे जास्त पैसे आणतात. फुलं बघायला आलेल्या कुटुंबात आजी-आजोबा आणि लहान मुलं असतातच, आणि गाडी कुठं थांबवायची हे तेच ठरवतात.

तरीही या रस्त्याचा एक तुकडा चांगला आहे, तो म्हणजे खालचा, यवतेश्वराच्या आसपासचा. इथं साताऱ्याचीच माणसं संध्याकाळी गाडी काढून हवा खायला आणि पिठलं-भाकरी खायला वर येतात. वाढदिवस, भिशी, शाळेच्या जुन्या मित्रांचं जेवण हे वर्षभर चालतं, आठवड्याच्या मधल्या वारीही. शहरापासून जसजसं लांब जाल तसतसं हे गिऱ्हाईक गळत जातं आणि पठाराजवळ पोहोचेपर्यंत नुसता हंगाम उरतो. म्हणून पठाराजवळची मोठी, स्वस्त जागा आणि यवतेश्वराजवळची छोटी, महाग जागा यांत छोटी घ्यावी. हंगामात पोलीस गर्दीच्या दिवशी वाहतूक एकेरी करतात किंवा वळवतात. आपली जागा जायच्या वाटेवर पडते की परतीच्या, हे गावात विचारून घ्या. जायच्या वाटेवर नाश्ता खपतो, परतीला चहा आणि जेवण. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या आदल्या रात्री खोल्या हव्या त्या दरानं जातात, पण त्या रविवारी सकाळी रस्ता बंद असतो. दूध, पाव, भाजी शनिवारीच भरून ठेवावी लागते.

कास रस्त्याचं दुखणं आहे पाणी. माथा कातळ आणि जांभ्याचा. पाऊस धो-धो पडतो आणि तसाच वाहून जातो. झरे दिवाळीपर्यंत खळखळतात, होळीनंतर आटतात. कासच्या तलावाचं पाणी साताऱ्याला जातं, ते तुमच्या टाकीत येणार नाही. सहा खोल्यांत पंधरा माणसं धरली आणि माणशी १५० लिटर धरलं तर अडीच हजारांच्या आत भागतं असं वाटतं. स्वयंपाकघर, भांडी आणि चादरी मिळवल्या की आकडा साडेतीन हजारांवर जातो. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम तीन दिवस पुरतो, आणि तो घाट चढून येणार म्हणजे भाडंही चढं. एप्रिल-मे महिन्यांत हा खर्च भाड्याइतकाच धरा, मगच जागा परवडते का ते ठरवा.

आता बामणोली आणि तापोळा. दुरून डोंगर साजरे, तसं इथलं पाणीही ऑक्टोबरातच साजरं. ही गावं शिवसागर जलाशयाच्या काठावर, आणि शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. धरणाची साठवण १०५ टीएमसीच्या घरात आणि पाणी वीज-सिंचनासाठी वर्षभर काढलं जातं. पावसाळा सरता सरता जलाशय काठोकाठ असतो, मे अखेरीस तळाकडं गेलेला. ऑक्टोबरात ओट्याच्या खालीच लाटा वाजतात. मे महिन्यात त्याच ओट्यावरून तांबूस, भेगाळलेली उतरंड दिसते आणि बोटीपर्यंत पोहोचायला ती तुडवत जावं लागतं. जाहिरातीचे फोटो कायम ऑक्टोबरातले असतात. तेव्हा काठावरची जागा घेताना ती मे महिन्यातच बघा आणि पाणी कुठवर सरकतं ते बोटवाल्याला विचारा.

इथं जमिनीचा एक खास धोका आहे. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेरीची जमीन दिसायला सपाट, काळीभोर आणि अगदी काठावर असते. ती संपादित जमीन आहे, हंगामापुरती कसायला दिली जाते. तिच्यावर तंबू ठोकून धंदा मांडायचा हक्क ती कसणाऱ्यालाही नसतो आणि त्याच्याकडून भाड्यानं घेणाऱ्यालाही नसतो. पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा, आणि ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं रात्रीचे दिवे, लाउडस्पीकर, शेकोटी यांवर वन खात्याची नजर असते आणि ती असायलाच हवी.

एवढं असूनही बामणोलीत एक धंदा खात्रीनं चालतो. वासोटा किल्ल्यावर जाणारे ट्रेकर इथूनच बोटीत बसतात आणि वन खात्याची परवानगीही इथंच घेतात. पावसाळा सोडला तर हंगाम लांब आहे. त्यांना खोल्या नकोत. पुण्या-मुंबईहून पंधरा-वीस जणांची बस पहाटे येऊन टेकते. त्यांना हवा एक स्वच्छ हॉल, वीस गाद्या, चार संडास, मोबाइल चार्ज करायला भरपूर बोर्ड, साडेसहाला नाश्ता आणि संध्याकाळी उतरल्यावर गरम जेवण. चार खोल्या बांधण्याचा खर्च एका हॉलवर घातला तर इथं पैसे लवकर सुटतात. हॉलच्या दाराशी चिखलाचे बूट काढायला ओटा आणि पाय धुवायला नळ ठेवा, नाहीतर गाद्यांच्या खोळी दर आठवड्याला बदलाव्या लागतात. तापोळ्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं. ते महाबळेश्वरात मुक्काम करून दुपारी बोटिंगला उतरतं आणि संध्याकाळी परत वर जातं. तिथं दुपारचं जेवण विका, खोल्या मोजक्याच ठेवा. तापोळा-आहीर पुलाचं काम हाती घेतलेलं आहे, म्हणून आत्ताच दर चढे सांगितले जातात. पूल झाला की लोक थांबतील तसे न थांबता पुढंही जातील. पुलाच्या भरवशावर आज जादा भाडं देऊ नका.

सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी नवीन महाबळेश्वर प्रकल्प आखला गेला आणि रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. त्यामुळे या पट्ट्यात बांधकामाची परवानगी नेमकी कुणाची लागते, हे गाव आणि गट नंबर सांगून लेखी विचारून घ्यावं. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हातात आहे म्हणजे काम झालं, असं समजून पुढं जाऊ नये. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा मसुदाही केंद्र सरकारनं ३१ जुलै २०२४ ला पुन्हा प्रसिद्ध केला आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का ते पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

ठोसेघर-चाळकेवाडीवर फार वेळ घालवायची गरज नाही. धबधबा जुलै ते ऑक्टोबर, बघायला एक तास, मग पवनचक्क्या आणि परत. रात्री कुणी राहत नाही. सकाळी अकरा ते चार झुणका-भाकरी, भाजलेलं कणीस, चहा, आणि पत्र्याचं का होईना पण न गळणारं छप्पर, एवढ्यावर चार महिने छान जातात. वर्षाचं भाडं कबूल करू नका, हंगामापुरतं घ्या. सज्जनगडावर संस्थानाकडून महाप्रसाद आणि राहायची सोय होते, त्यामुळे पायथ्याला खोल्या आणि थाळी दोन्ही अवघड. पायऱ्या चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला बाक आणि ताक-सरबत, एवढीच तिथली गरज आहे. रामदास नवमीला मात्र ती भरपूर असते.

महाबळेश्वराचं नाव मोठं, पण छोट्या माणसानं तिथं नव्यानं उतरताना फार जपून उतरावं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे. झाडतोड, तीव्र उतारावरचं बांधकाम, हिरव्या पट्ट्यातल्या जमिनीचा वापर बदलणं या सगळ्यावर निर्बंध आहेत. हे निर्बंध आहेत म्हणूनच महाबळेश्वर अजून महाबळेश्वर आहे. त्याचा अर्थ असा, की परवानगी असलेली जुनी इमारत भाड्यानं घेणं हाच मार्ग उरतो आणि अशा इमारती थोड्या असल्यानं भाडं चढं राहतं. वाढीव बांधलेली खोली, पत्र्याखाली घेतलेला व्हरांडा, गच्चीवरचं स्वयंपाकघर हे मूळ नकाशात आहे का ते नगरपरिषदेत तपासा. नोटीस आली तर ती धंदा चालवणाऱ्याच्या दारावर चिकटते.

त्यात महाबळेश्वरात पावसाचे चार महिने. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, भिंतींना बाहेरून गवत, पत्रा नाहीतर जाड प्लास्टिक बांधावं लागतं आणि पुष्कळ जण दुकानंच बंद करतात. धुतलेली चादर चार दिवस वाळत नाही. वाळवायला बंद खोली, हिटर आणि प्रत्येक गादीमागं चादरींचे चार संच नसतील तर ऑगस्टमध्ये खोली देऊच नये, कारण कुबट वासाचा एक अभिप्राय इंटरनेटवर वर्षानुवर्षं राहतो. जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला आणि पोलादपूरकडून येणारी वाट तुटली. फक्त कोकण आणि मुंबईच्या गिऱ्हाइकावर हिशेब मांडला असेल तर अशा वर्षी हात रिकामे राहतात.

पाचगणीची गोष्ट निराळी, आणि ती ओळखणारे थोडे आहेत. इथल्या निवासी शाळा हा पर्यटनाबाहेरचा धंदा आहे. सत्राची सुरुवात, सुट्ट्या, स्नेहसंमेलन, पालकसभा, प्रवेशाच्या मुलाखती यासाठी पालक येतात, आणि या तारखा आठवड्याच्या कुठल्याही वारी पडतात. प्रत्येक शाळेचं वार्षिक वेळापत्रक मिळवून एका कॅलेंडरवर मांडलं तर मधल्या वारांच्या किती रात्री भरू शकतात ते दिसतं. या पालकांना दरीचा नजारा नको असतो. त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाता येईल असं अंतर, शांत खोली, साधं घरगुती जेवण आणि मुलाला दोन तास आणून बसवता येईल अशी बैठक हवी असते. बाजारातल्या गल्लीच्या मागची खोली नजारा नसल्यानं स्वस्तात मिळते आणि पालकांना तीच आवडते. एकदा आलेला पालक मूल शाळेत असेपर्यंत दरवर्षी येतो, तोही थेट फोन करून, कमिशन न जाता.

भिलार पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये, मुख्य रस्त्यापासून जरा आत. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. गावातल्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडली गेली आणि लोक घराच्या ओसरीवर बसून वाचू लागले. इथं येणारा माणूस घाईत नसतो, आणि घाईत नसलेला माणूसच दुसरी रात्र राहतो. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे मळे जोडीला. ज्याची स्वतःची शेती आहे त्याला राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा आधार घेता येतो, त्यासाठी जमीन किमान एक एकर लागते. बाहेरच्या माणसानं मात्र जमिनीच्या मागं लागू नये. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. गावातल्या एखाद्या कुटुंबाबरोबर भागीत त्यांच्या घराचा एक भाग चालवावा. जेवण त्या घरचंच ठेवा. वरण-भात, घेवड्याची उसळ, तांदळाची भाकरी आणि मळ्यातलं फळ. इथं पंजाबी मेन्यूची गरज नाही.

आणि आता वाई, कारण या सगळ्या जागांत छोट्या धंद्यासाठी पहिली पसंती तीच. लोक वाईतून जातात, राहत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. घड्याळ लावून बघा. पुण्याहून सकाळी सहाला निघालेली गाडी खंबाटकी ओलांडून, सुरूर फाट्यावर महामार्ग सोडून आठ-सव्वाआठला वाईत असते. पोटात भूक, पुढं पसरणीचा घाट, आणि मागच्या सीटवर गाडी लागणारी मुलं. घाट चढण्याआधी थांबणं सगळ्यांनाच पटतं. मुंबईची गाडी त्याच वेळेला निघाली तर अकराच्या सुमाराला येते. परतीला अकराला चेकआउट करून, पाचगणीत रेंगाळून, लोक तीन-चारला घाट उतरतात, तेव्हा जेवण झालेलं नसतं. म्हणजे एकाच जागेला तीन वेळा गिऱ्हाईक, आणि वर महाबळेश्वर भरलेलं असो वा रिकामं, रस्ता हाच.

खोल्यांसाठीही वाईला मधले वार आहेत. मेणवलीचा घाट, तिथला नाना फडणवीसांचा वाडा आणि धोमच्या परिसरात चित्रीकरणं होतात. युनिट आलं की खोल्या आठवडा-आठवडा लागतात. ढोल्या गणपतीचं देऊळ, कृष्णेवरचे घाट, मांढरदेवीला जाणारे भाविक, कृष्णाबाईचा उत्सव, गुरुजींकडं धार्मिक विधींसाठी येणारी कुटुंबं हे सगळं शनिवार-रविवारवर अवलंबून नाही. शिवाय वर खोली मिळाली नाही किंवा दर परवडला नाही की लोक खाली वाईत येऊन राहतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात ही संख्या मोठी असते. पाऊस वरच्या मानानं फारच कमी, त्यामुळे चादरी वाळतात आणि वर्षाचे बाराही महिने खोली देता येते. पाणी, गॅस, भाजी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कामाला माणसं, सगळं हाताशी. वरच्या गावांत गिझर बिघडला तर माणूस येईपर्यंत गिऱ्हाईक थंड पाण्यानं आंघोळ करून निघून गेलेलं असतं.

वाईत चुकतं ते दोन ठिकाणी. पहिलं नदीकाठी. धोम धरणातून पाणी सोडलं की कृष्णा घाटांवर चढते. नकाशावर निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत काहीच घेऊ नका. दोन्ही रेषांच्या मध्ये घेतलंत तर कोठी, फ्रिज आणि मीटरचा बोर्ड तळमजल्यावर ठेवू नका. दुसरं चुकतं रस्त्याच्या बाजूचं. वाईहून पसरणीकडं जाताना डावा हात हा चढणाऱ्या गाड्यांचा. नाश्ता विकायचा असेल तर डावीकडं आणि घाट सुरू होण्याआधी. उतरणाऱ्यांसाठी जेवण विकायचं तर पलीकडची बाजू. वळणाला लागून असलेली जागा लांबून दिसत नाही, आणि दिसते तोवर गाडी पुढं गेलेली असते. समोर निदान शंभर मीटर सरळ रस्ता हवा आणि गाडी मागं न घेता आत शिरून बाहेर पडता यायला हवी. सहा खोल्यांना आठ गाड्यांची जागा धरा, कारण कामगारांच्या आणि भाजीवाल्याच्या गाड्याही तिथंच लागतात.

कोयनानगरबद्दल थोडक्यात: कराड-चिपळूण वाहतूक वर्षभर चालते, म्हणून कुंभार्ली घाटाआधी जेवणाची जागा चालते. खोल्या ओझर्डे धबधब्याच्या हंगामापुरत्या. सातारा शहरात पर्यटक कमी, पण कोर्टाची कामं, सैनिक स्कूलचे पालक, परीक्षार्थी, एमआयडीसीतले लोक यांच्यामुळे साधी, स्वच्छ खोली आठवडाभर जाते. कंदी पेढे घेऊन पुढं निघणाऱ्या प्रवाशाच्या भरवशावर तिथं खोल्या काढू नका.

जागा कुठलीही असो, पाहणीला आठवड्याच्या मधल्या वारी जा. फाट्यावर दुपारी चार ते सात बसून गाड्या मोजा आणि नंबरप्लेट लिहून घ्या. एमएच १२ आणि १४ पुण्याकडचे, ११ साताऱ्याचे, ५० कराडचे, १० सांगलीचे, ०९ कोल्हापूरचे. त्यातल्या किती थांबतात आणि कशासाठी, हे शेजारच्या टपरीवाल्याच्या गल्ल्यावरूनच कळतं. पुणेकर गाड्या जास्त असतील तर एका रात्रीचं किंवा एका जेवणाचं गिऱ्हाईक. सांगली-कोल्हापूरच्या जास्त असतील तर कुटुंबं मोठी, खोलीत चार-पाच जण, आणि रात्रीचं जेवण हॉटेलातच.

विहीर असेल तर आत वाकून बघा. दगडांवर पाण्याच्या पातळीचे पट्टे उमटलेले असतात. वरचा पट्टा हिरवा, शेवाळाचा, तो पावसाळ्याचा. त्याखाली पांढरट क्षाराचे पट्टे उतरत जातात, आणि सगळ्यात खालच्या पट्ट्यापासून तळ किती उरतो तेच तुमचं मे महिन्याचं पाणी. बोअर असेल तर मोटर सलग दोन तास चालवायला सांगा आणि दर पंधरा मिनिटांनी बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. पहिल्या पंधरा मिनिटांची धार कुणालाही दाखवता येते, दुसऱ्या तासाची नाही. खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवा. जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाला फुगवटा असेल, पापुद्रे सुटत असतील, किंवा चारपैकी त्याच एका भिंतीला नवा रंग असेल, तर ओल आहे. कपाट सरकवून मागचा कोपरा बघितल्याशिवाय निघू नका.

विजेचा हिशेबही तिथंच करा. दोन किलोवॅटचे सहा गिझर सकाळी सातला एकदम चालू झाले तर बारा किलोवॅट. घरगुती सिंगल फेजवर ते जमत नाही. थ्री फेज जोडणी आणि व्यावसायिक मीटर कुणाच्या नावावर आणि कुणाच्या खर्चानं, हे आधी ठरवा. मोबाइलला रेंज आहे का ते खोलीत दार लावून तपासा, अंगणात नव्हे. यूपीआय चालला नाही तर गिऱ्हाईक पैसे द्यायला शहरात जाऊन परत येत नाही.

कागदांत सातबारा घ्या आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथंच असतं. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय काहीच करू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला नाही. जागेपर्यंतचा रस्ता नकाशात आहे की नुसती वहिवाट आहे, ते तलाठ्याकडं आणि भूमी अभिलेखात दोन्हीकडं बघा. वहिवाट असेल तर ती ज्याच्या बांधावरून जाते त्याची लेखी संमती मूळ करारालाच जोडा. धंदा चालू लागला की वाटेवर काट्याची फांदी पडते, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे.

करार अकरा महिन्यांचा करू नका. रंग, गाद्या, गिझर, पाट्या यांत घातलेले पैसे अकरा महिन्यांत निघत नाहीत आणि धंदा चाललेला दिसला की भाडं वाढतं. तीन ते पाच वर्षांचा लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून घ्या. मधेच जागा काढून घेणार नाही हे मालकाकडून लिहून घ्या, वर्षाची वाढ टक्क्यांत ठरवा, पावसाळ्याच्या चार महिन्यांचं भाडं निम्मं मागा. महाबळेश्वर, तापोळा, बामणोलीत ते मागणं रास्तच आहे. दरड पडून रस्ता बंद झाला तर तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, आणि विहीर किंवा बोअर आटलं तर टँकरचा निम्मा खर्च मालकाचा, ही दोन कलमं वेगळी लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. सही करायला मालक तयार नसेल तर विहिरीबद्दल पुन्हा एकदा शेजाऱ्याकडं चौकशी करा.